रबाळ कुठे आहे?

माझ्या आजोबांचे पाठचे भाऊ १९४१ साली खडकीहून मलायाला गेले. घरात त्यांना नाना म्हणत. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि नानांची खबर बंद झाली. त्यांची बायको, आमची धाकटी आजी, तेव्हा विशीतली होती. आमचं गाव साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, आणि तिकडे फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. नानांचा माग काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. आता माण, खटाव, कोरेगावकडून आणि कोकणातूनही लोक विचारतात, "आमचेही एक आजोबा जपान्यांनी धरले होते, सुरुवात कुठून करायची?" मला उशिरा कळलेलं त्यांना लवकर कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

१. म्हाताऱ्या माणसाचा शब्द दुरुस्त करू नका.

१९४६च्या उन्हाळ्यात विट्याकडचा एक माणूस आमच्या गावी आला. नानांच्या कंपनीतला, कैदेतून सुटून आलेला. अंगणात बसला, पाणी प्यायला आणि धाकट्या आजीला दोन-चार वाक्यं सांगून गेला. ती तिने मला चाळीस वर्षांनी सांगितली. "बोटीत घातलं म्हनला. रबाळला नेलं. तितं बघितलं म्हनला, पाक वाळून गेल्यालं."

मी तेव्हा कॉलेजात होतो. रबाळ म्हणजे ठाण्याजवळचं रबाळे, असं मी ठरवून टाकलं. परत आलेल्या कैद्यांना इंग्रजांनी खाडीकाठच्या छावणीत ठेवलं असेल, असा वडिलांनी तर्क केला आणि मला तो पटला. मी आजीला म्हटलं, "आजी, रबाळे म्हणतात त्याला." ती काही बोलली नाही. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी लागली, तेव्हा रबाळे गावातल्या जुन्या आगरी माणसांना मी विचारूनही आलो की लढाईच्या काळात इथे फौजेची छावणी होती का. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

१९९४च्या वैशाखात आजी गेली. त्याच सप्टेंबरात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती: पापुआ न्यू गिनीत ज्वालामुखीचा उद्रेक, रबाउल शहर राखेखाली. ते नाव मी मोठ्याने वाचलं आणि तसाच बसून राहिलो. विट्याच्या शिपायाच्या तोंडी रबाउलचं रबाळ झालं होतं. आजीने तो शब्द अठ्ठेचाळीस वर्षं जपला होता. तिच्या तोंडावर तो चूक ठरवला तो मी, आणि ती असतानाच आणखी चार गोष्टी विचारायची संधीही मीच घालवली.

तेव्हा ऐकू येईल तसं लिहून घ्या. अर्थ लागत नसला तरी लिहा. गावाचं नाव आठवत नसेल, तर समुद्र दिसायचा का, डोंगर होते का, खायला काय द्यायचे, पाऊस किती, बरोबर कोण होतं, हे विचारा. आणि बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. मजकूर तुम्ही नंतरही लिहाल, पण उच्चार त्या माणसाबरोबर जातो.

२. आधी घरातली ट्रंक उघडा.

धाकट्या आजीची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात एक खणाची चोळी, नानांची दोन पत्रं, दोऱ्यात ओवलेली मनीऑर्डरची कुपनं आणि एक सरकारी पत्र. फौजी आपल्या पगारातला काही भाग घरी लावून द्यायचा, तो मनीऑर्डरने यायचा. पैसे देऊन पोस्टमन जायचा आणि कुपन घरात राहायचं. आम्ही लहानपणी त्या कुपनांशी खेळलो आहोत. त्यांतल्या तीन कुपनांवर नानांचा फौजी नंबर होता. दिल्ली, पुणे, लंडन, कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न नंबरचाच असतो आणि तो आमच्या माळ्यावर पडून होता.

सरकारी पत्राची गोष्ट वेगळी. अक्षरं इंग्रजी, म्हणून १९४६ साली ते गावातल्या मास्तरांकडे नेलं. मास्तर म्हणाले, फार अवघड इंग्रजी आहे. त्यानंतर ते कुणी वाचलंच नाही. मी हातात घेतलं तेव्हा डोळ्यांना काही लागेना, म्हणून ओठ हलवून वाचलं आणि 'अफसोस' हा शब्द कानावर आला. हिंदी फौजेचा शिपायांशी व्यवहार रोमन उर्दूत चालायचा. भाषा हिंदुस्तानी, अक्षरं इंग्रजी. साताऱ्यातल्या एका उर्दू शिक्षकांनी ते मला नीट लावून दिलं: नाना कैदेत मरण पावल्याचं मानण्यात येत आहे. आजीला पेन्शन सुरू झाली ती त्यावरून. ती अखेरपर्यंत तिला 'ह्यांचा पगार' म्हणायची आणि कुंकू लावायची. तुमच्या घरी असं न कळणारं 'इंग्रजी' पत्र असेल, तर ते आजच मोठ्याने वाचून बघा.

३. 'मराठा पलटणीत होते' यावर विसंबू नका.

आपल्याकडे फौजेतला प्रत्येक माणूस मराठा पलटणीतला, असं घरचे सांगतात. बेळगावचा फेरा मीही मारला. पण सिंगापूर पडलं तेव्हा तिथल्या पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण नव्हती. आपली माणसं होती ती खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्यांमध्ये, म्हणजे पूल बांधणारी आणि माघारीच्या वेळी उडवणारी मंडळी. काही रसद-वाहतुकीत, काही इस्पितळांच्या तुकड्यांत. अधिकारी तर कुठेही नेमलेले असायचे. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले मलायात होते ते गढवाली पलटणीत.

कोकणातल्या घरांसाठी एक सांगतो. आजोबा जहाजावर असतील, तर फौजेचे कागद चाळण्यात वेळ घालवू नका. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत गेलेल्या खलाशांची स्मृती जपलेली आहे. सुरुवात तिथून करा.

४. जपान्यांनी आपल्या माणसांना कैदी म्हणून मोजलंच नाही, हे लक्षात ठेवून शोधा.

हे कळेपर्यंत माझी सहा-सात वर्षं वाया गेली, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूरने शरणागती पत्करली. १७ तारखेला हिंदी सैनिकांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर आणलं आणि जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवाली केलं. चाळीस हजारांहून जास्त माणसं त्या मैदानात होती. तिथे कॅप्टन मोहन सिंग यांनी आझाद हिंद फौजेची हाक दिली. काही गेले, काही मागे राहिले. डिसेंबर १९४२मध्ये मोहन सिंग आणि जपानी यांचं बिनसलं आणि ती पहिली फौज मोडली. त्यानंतर जे फौजेबाहेर होते, त्यांच्यातल्या हजारोंना जपान्यांनी कामगार तुकड्यांत घालून १९४३पासून दक्षिणेच्या बेटांवर पाठवलं. न्यू गिनी, रबाउल ज्यावर आहे ते न्यू ब्रिटन, पलाऊ. नाना त्यांत होते.

जिनिव्हाच्या १९२९च्या युद्धकैदी करारावर जपानने सही केली होती, पण मंजुरी दिली नव्हती. आणि बेटांवरच्या हिंदी सैनिकांबद्दल तर त्यांचा पवित्रा असा होता की हे आता कैदीच नाहीत, जपानी सैन्याचे मदतनीस आहेत. म्हणजे राबवायचं, उपाशी ठेवायचं, मारायचं आणि कागदावर नाव घ्यायचं नाही. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन कैद्यांच्या घरी वर्षाने का होईना, पंचवीस शब्दांचं एखादं कार्ड पोचायचं. आमच्या गावी काही आलं नाही. जपान्यांनी कैद्यांची जी कार्डं ठेवली, ती लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. ती बहुतेक गोऱ्या कैद्यांची. तिथे नाव मिळालं नाही म्हणजे माणूस कैदेत नव्हता, असा अर्थ काढू नका. मी तो काढला होता.

मग शोधायचं कुठे? ज्यांनी त्यांना सोडवलं, त्यांच्या कागदांत. रबाउलच्या जपान्यांनी ६ सप्टेंबर १९४५ला ऑस्ट्रेलियन सैन्यापुढे शरणागती पत्करली. ऑस्ट्रेलियन आत गेले तेव्हा त्यांना साडेपाच हजारांवर हिंदी माणसं तिथे जिवंत मिळाली. गोरे तीसही नव्हते. पुढे ऑस्ट्रेलियाने रबाउलमध्येच युद्धगुन्ह्यांचे १८८ खटले चालवले आणि त्यांतल्या कितीतरी खटल्यांत बळी हिंदी सैनिक होते. ही माणसं युद्धकैदी होती की नव्हती, याचा वादही त्याच कोर्टात झाला. ते कागद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि पुष्कळसे घरबसल्या वाचता येतात. मी महिनाभर रोज रात्री वाचत होतो. नाना त्यांत सापडले नाहीत. पण आजारी माणसाचा शिधा तोडायचे, हे तिथे वाचलं आणि 'पाक वाळून गेल्यालं' याचा अर्थ कळला.

बोटीचं नाव मिळालं तर तेही धरून ठेवा. २६ जानेवारी १९४३ला 'बुयो मारू' हे जपानी जहाज अमेरिकेच्या 'वाहू' पाणबुडीने बुडवलं. त्यावर ४९१ हिंदी कैदी होते, मुख्यतः सोळाव्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे. त्यांतले १९५ गेले. पाणबुडीवरच्यांना ते जपानी सैनिक वाटले होते. आपलीच बाजू, आपलीच माणसं.

आणि न्यू गिनीच्या वेवाकचं नाव तुमच्या घरात निघालं, तर जमादार चिंत सिंग यांची हकिकत वाचा. तिथे नेलेल्यांपैकी फार थोडे वाचले. सुटकेनंतर त्यांचे दहा सोबती घरी निघालेल्या विमानाच्या अपघातात गेले. साक्ष द्यायला मागे थांबले म्हणून चिंत सिंग राहिले, आणि त्यांनी साक्ष दिली.

५. आपला माणूस सापडत नसेल, तर त्याच्या बरोबरचा शोधा.

विट्याकडच्या त्या माणसाचं नाव आजीला ठाऊक नव्हतं. पण त्याने गावात मुक्काम केला होता तो एका लांबच्या नातेवाइकाकडे, आणि त्या घराला तो धागा माहीत होता. मी गेलो तेव्हा तो माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगा भेटला, साठीतला. म्हणाला, "बाबा लढाईचं काही बोलले नाहीत. घरात एकच त्रास होता, रताळं आणलं की उठून जायचे. एकादशीलासुद्धा ताटात चालायचं नाही. आम्ही म्हणायचो, तऱ्हेवाईकपणा आहे."

दोस्तांच्या सैन्याने रबाउलला वळसा घालून ते तोडल्यावर रसद थांबली. जपान्यांनी मग जंगल साफ करून रताळी, टॅपिओका लावले आणि डोंगरात बोगदे खणले. राबवले ते कैदी. हे मी त्या मुलाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ उंबऱ्याकडे बघत होता. मग आत जाऊन त्याने बापाचं डिस्चार्ज बुक आणलं. त्यात तुकडी होती, परतीच्या जहाजाची तारीख होती. त्या एका पुस्तिकेने मला जेवढं दिलं, तेवढं कुठल्याही कचेरीने दिलं नाही.

६. आडनावाच्या मागे लागू नका. बापाचं नाव आणि गाव धरा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी आता कुणालाही नावाने शोधता येतात. मीही पहिल्याच दिवशी शोधलं. मिळालं नाही. पुढे कळलं की फौजेतला कारकून ऐकेल तसं लिहायचा. जाधवच्या शेवटी व्ही ऐवजी ओ, पवारचं पोवार, शिंदेमधला एच गायब. कधी आडनावच नाही, फक्त स्वतःचं नाव. पण हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींखाली एक ओळ असते: अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, जिल्हा सातारा. तेव्हा तुकडी निवडा, तुकडीतली सगळी नावं काढा आणि ती ओळ वाचत जा. दोनशे असतील, पाचशे असतील. वाचा.

मला नाना असे सापडले. नाव मोडलेलं, गावाच्या नावात एक अक्षर जास्त. पण बाप बरोबर, आई बरोबर. आणि पुढे अर्धविराम देऊन: अमकीचा पती. तिथे धाकट्या आजीचं नाव होतं. पूर्ण, शुद्ध. घरातही तिला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. ती कधी सातारा रोडच्या पुढे गेली नाही, आणि तिचं नाव जगाने वाचावं अशा नोंदवहीत होतं. ती जिवंत असताना छापलेल्या वहीत. हे तिला सांगायला हवं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

७. घरातली कथा मोडली तरी थांबू नका.

आमच्याकडे सांगायचे, नाना नेताजींच्या फौजेत गेले. सोप्यात नेताजींची तसबीर होती. पंधरा ऑगस्टला गावात त्याच नात्याने आमच्या आजोबांना पुढे बसवत. रबाउलचं कळल्यावर ही कथा टिकेना. नाना कदाचित पहिल्या फौजेत गेले आणि बाहेर पडले असतील, कदाचित गेलेच नसतील. १९४३मध्ये नेताजी सिंगापुरात आले तेव्हाच्या फौजेत मात्र ते नव्हते.

हे मी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नको." मला त्यांचा राग आला नाही. पण मी गप्प बसायचं नाही असंही ठरवलं. जे आझाद हिंद फौजेत गेले त्यांनी देशासाठी पाऊल उचललं. जगन्नाथराव भोसले त्या फौजेत फार वरच्या पदावर होते, त्यांचा अभिमान मलाही आहे. पण घेतलेली शपथ मोडायची नाही म्हणून जे मागे राहिले, ते भेकड नव्हते. त्यांना बेटांवर नेऊन मारलं आणि परत आले त्यांना स्वतंत्र देशात कुणी विचारलं नाही. आल्या-आल्या इंग्रजांनी प्रत्येकाची चौकशी करून पांढरा, करडा, काळा अशी प्रतवारी लावली. फौजेत गेलेले इंग्रजांच्या लेखी करडे नाहीतर काळे. न गेलेले पांढरे, आणि त्या पांढऱ्या शिक्क्याची घरी लाज. दोन्हींकडची माणसं म्हणूनच मुकी झाली. तुमच्या शोधात जे निघेल ते घ्या. तसबीर आमच्या सोप्यात अजून आहे. तिच्या शेजारी आता नानांचा फोटो आहे, खडकीत काढलेला.

८. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

एका कचेरीत मी कुपन दिलं, साहेब बघतील म्हणाले. ते परत मिळालं नाही. आता दोन उरली आहेत. फोटो काढा, छायाप्रत द्या, पोच घ्या, अर्जावर नंबर, तुकडी, बापाचं नाव, गाव एवढंच लिहा. घराण्याचा इतिहास अर्जात लिहिला की तो कुणी वाचत नाही. जिनिव्हाची रेडक्रॉस वर्षातून ठरावीक वेळांनाच अर्ज घेते, ती तारीख चुकवू नका. आझाद हिंद फौजेबद्दलचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यांतले काही 'अभिलेख पटल'वर दिसतात.

९. जमलं तर स्मारकापाशी जा, आणि मृत्यूची तारीख टिपून ठेवा.

सिंगापूरच्या उत्तरेला क्रांजीचं युद्धस्मारक आहे. ज्यांना कबर नाही किंवा चिता नाही, अशा चोवीस हजारांहून अधिक माणसांची नावं तिथल्या दगडी स्तंभांवर कोरलेली आहेत. १९५७ साली ते उभं राहिलं. नावं तुकडीनुसार आहेत, म्हणून तुकडी माहीत नसेल तर उन्हात फिरत राहाल. मी बायकोला घेऊन गेलो. नानांचं नाव माझ्या डोक्यापेक्षा थोडं वर होतं. हात पोचला. घरून नेलेली गावची मूठभर माती स्तंभाच्या पायाशी ठेवली. जवळचा माळी काही बोलला नाही, त्याने असं पुष्कळ बघितलं असेल.

कमिशनच्या नोंदीत मृत्यूची तारीखही होती, ११ जून १९४४. तोवर आमच्या घरी नानांचं पान सर्वपित्री अमावास्येला ठेवत. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं ठेवतात तसं, आणि तेही आजीच्या नकळत, वाड्याच्या मागच्या बाजूला. तारीख मिळाल्यावर गुरुजींनी जुनं पंचांग काढून तिथी सांगितली. ज्येष्ठ वद्य पक्षातली निघाली. त्या साली ६ जूनला वटपौर्णिमा होती.

त्या दिवशी धाकट्या आजीने गावच्या ओढ्याकाठच्या वडाला सूत गुंडाळलं असणार. त्यानंतर ती एकोणपन्नास वेळा त्या वडाला गेली.